थेरपीला जाताना आपलं घर सोबत न्यायचं

आईला पहिल्यांदा समुपदेशकाकडे नेलं तेव्हा तिच्या हातात नऊ प्रश्नांचा एक फॉर्म दिला, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं, किती दिवस कशातच रस वाटला नाही वगैरे. मराठीतच होता फॉर्म. आईने चष्मा लावून सगळा नीट वाचला आणि जवळजवळ सगळीकडे 'अजिबात नाही' वर टिक केली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, अगं रोज पहाटे तीनला उठून बसतेस ना, मग? तर म्हणाली, "उदास कशाला वाटेल, देवाने सगळं दिलंय. फक्त छातीत धडधडतं, अंग जड होतं आणि जीव कशात लागत नाही. आणि झोप काय, वयामुळे कमी होतेच की." तिथे आकड्यांची बेरीज झाली, फारसं काही नाही असं सांगितलं गेलं आणि सल्ला मिळाला की स्वतःसाठी वेळ काढा, घरच्यांना नाही म्हणायला शिका. आई परत गेली नाही. आमचं एक वर्ष तसंच गेलं.

दुसऱ्या ठिकाणी ज्या बाई भेटल्या त्यांनी फॉर्म काढलाच नाही. त्यांनी विचारलं, "काकू, तुम्ही जेवता कधी? आणि कोणाबरोबर?" आई म्हणाली, सगळ्यांचं झाल्यावर, ओट्यापाशी, उभ्या उभ्याच. आणि एवढं साधं वाक्य बोलून ती रडायला लागली. आजी गेल्यानंतर मी तिला असं रडताना पाहिलंच नव्हतं.

म्हणून हे लिहायला बसले. डिग्री दोघांकडेही होती, पण आपलं घर कसं चालतं, कोण कोणाच्या आधी जेवतं, निर्णय कोण घेतं, कुठली गोष्ट तोंडाने बोलायचीच नसते हे ज्याला विचारावंसं वाटत नाही त्याचा सल्ला कितीही बरोबर असला तरी आपल्याला लागू पडत नाही. आणि असा समजून घेणारा माणूस नशिबाने भेटतो असं नाही, आपल्या बाजूने बरंच करता येतं. काय काय ते सांगते.

सगळ्यात आधी शब्द. आपल्याकडे मन आणि डोकं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "मनाला लागलंय" म्हटलं तर लोक जवळ येतात, "डोक्यावर परिणाम झालाय" म्हटलं तर लांब सरकतात. नेपाळमध्ये ब्रँडन कोर्ट आणि इयन हार्पर या अभ्यासकांनी नेमकं हेच टिपलंय, तिथेही 'मन' बिघडणं माणसासारखं मानलं जातं आणि 'दिमाग' बिघडणं म्हणजे वेड. त्यामुळे घरी बोलताना डिप्रेशन, मानसिक आजार या शब्दांवर अडून बसू नका. विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या गावांमध्ये 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला होता, शेतकरी कुटुंबांसाठी. तिथल्या कार्यकर्त्यांनी लोकांच्या तोंडातलाच शब्द धरला, टेन्शन. नैराश्य असलेल्यांपैकी आधी शंभरात चार जण मदत घ्यायचे, नंतर ते प्रमाण २७ टक्क्यांवर गेलं. शब्द हे त्यातलं एकच कारण, गावातलीच शिकवलेली माणसं घरोघरी जात होती हे मोठं कारण, पण दार उघडलं ते ओळखीच्या शब्दाने. तुमच्या घरात जे म्हणतात तेच म्हणा. जीव घाबरा होतो, पोटात गोळा येतो, डोकं भणभणतं, मुंग्या येतात, कशात मन लागत नाही. हीच खरी लक्षणं आहेत, आणि चांगला तज्ज्ञ ती ऐकून घेतो. हां, धडधड, थकवा, वजन कमी होणं असं काही असेल तर आधी साध्या डॉक्टरांकडे रक्त, थायरॉईड, बीपी बघून घ्या, सगळंच मनाचं असतं असंही नाही.

मग कोणाकडे जायचं. यात खूप गोंधळ होतो म्हणून थोडक्यात सांगते. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात शिकलेला डॉक्टर, औषधं तोच देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाही, तपासण्या आणि थेरपी करतो, आणि त्याची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी असायला लागते, नंबर मागायला लाजायचं नाही. समुपदेशक किंवा काउन्सेलर हा शब्द मात्र फार सैल वापरला जातो, उत्तम शिकलेला माणूसही काउन्सेलर असतो आणि दोन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स केलेलाही. म्हणून शिक्षण काय, कुठे काम केलं, अडलं तर कोणाचा सल्ला घेता, हे फोनवरच विचारा. या प्रश्नांनी जो चिडेल त्याच्याकडे न गेलेलं बरं.

पैसे नसतील तर थांबायचं कारण नाही. टेलिमानस ही केंद्र सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, चोवीस तास चालू, मराठीतही बोलतात, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे केसपेपर काढून दाखवता येतं. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, आणि "येरवड्याला पाठवा" अशी थट्टा आपण लहानपणापासून ऐकलेली असली तरी तिथे बाह्यरुग्ण विभाग असतो, दाखवून औषधं घेऊन लोक संध्याकाळी घरी येतात. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था आहे, व्यसनाचा प्रश्न असेल तर पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे. दोन्हीकडे मराठीत काम चालतं हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण माणूस हिशोब कुठल्याही भाषेत करेल पण रडतो आपल्याच भाषेत.

फोन लागला की मी काय विचारते ते सांगते. सेशन पूर्ण मराठीत होईल का. एकत्र कुटुंबातल्या लोकांबरोबर काम केलंय का. घरच्यांपैकी कोणी सोबत आलं तर चालेल का, आणि मला एकटीने बोलायचं असेल तर त्यांना बाहेर बसवाल का. फी किती आणि कमी होऊ शकते का. हे शेवटचं विचारायला संकोच वाटतो, पण बरेच जण खरंच कमी करतात.

जायच्या आधी एक काम नक्की करा, कागद घेऊन बसा. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांचं निदान करायच्या पुस्तकात, १६ प्रश्नांची एक मुलाखत दिली आहे, पेशंटची संस्कृती समजून घेण्यासाठीच बनवलेली. ती खरंतर डॉक्टरांनी घ्यायची असते, पण बऱ्याच जणांना तेवढा वेळ नसतो, मग आपणच तयारी करून जायचं. मी त्यातलं आपल्या भाषेत असं करते: हा त्रास तुम्ही मावशीला किंवा मित्राला सांगाल तर कुठल्या शब्दांत सांगाल? तुम्हाला स्वतःला काय वाटतं, हे कशामुळे झालं? आणि घरच्यांना काय वाटतं? (इथे जे खरं असेल तेच लिहा, बाहेरचं झालंय म्हणत असतील तर ते, साडेसाती म्हणत असतील तर ते, सून आल्यापासून म्हणत असतील तर तेही.) कशाने वाढतं, कशाने कमी होतं? आजवर काय काय करून पाहिलं, डॉक्टर, काढे, नवस, सगळं? आणि शेवटाकडचा प्रश्न, जो मला फार आवडतो, समोरचा डॉक्टर आपल्याला नीट समजून घेणार नाही अशी कशाची भीती वाटते? आईचा कागद मी लिहिला, ती भाजी निवडता निवडता सांगत होती. शेवटच्या प्रश्नाला ती म्हणाली, "ती मला सांगेल वेगळे राहा. आणि मला वेगळं नाही राहायचं." बस, हे एक वाक्य कळलं असतं तर ते पहिलं वर्ष वाया गेलं नसतं.

कागदावर घराचा नकाशाही काढा, म्हणजे कोण कोण राहतं, कोण कमावतं, दवाखान्याचा खर्च कोण करणार, कोणाचा शब्द शेवटचा, आणि कोणाला हे कळलेलं चालणार नाही. दहा मिनिटांत होतं पण समोरच्याचे दोन सेशन वाचतात.

आता घरच्यांना कसं सांगायचं, कारण गाडी अडते ती इथेच. "लोक काय म्हणतील", "घरातली गोष्ट उंबऱ्याबाहेर कशाला", "झाकली मूठ सव्वा लाखाची". यावर भाषण देऊन काही होत नाही, मी देऊन पाहिलंय. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांमध्ये डॉ. अतिफ रहमान यांनी बाळंतपणाच्या आगेमागे नैराश्य आलेल्या बायांसाठी काम केलं, तिथल्या लेडी हेल्थ वर्कर म्हणजे आपल्या आशाताईंसारख्या बायांना शिकवून. त्यांनी घरात जाऊन "तुमच्या सुनेला मानसिक आजार आहे" असं म्हटलंच नाही. विषय ठेवला बाळाच्या तब्येतीचा, बाळ चांगलं वाढायचं तर आईचं मन ठीक हवं. मग सासू विरोधात जाईना, उलट मदतीला आली. सहा महिन्यांनी उपचार मिळालेल्या बायांमध्ये नैराश्य २३ टक्के होतं आणि बाकीच्यांमध्ये ५३ टक्के, २००८ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ती पद्धत सगळ्यांसाठी काढली. त्यातून घ्यायचं ते एवढंच की घराला ज्याची काळजी आहे तिथून सुरुवात करा. वडिलांना म्हणा झोप नाही म्हणून बीपी वाढतंय. सासूबाईंना म्हणा पोरांवर परिणाम होतोय. हे खोटं नाही, कारण तेही खरंच असतं. आणि शेजाऱ्यांना सांगायची तर काहीच जबरदस्ती नाही. आई सहा महिने शेजारणींना "गुडघ्याच्या डॉक्टरकडे जाते" म्हणायची, तिच्या थेरपीच्या बाईंनी एकदाही तिला अडवलं नाही, म्हणाल्या काकू, सांगायचं तेव्हा सांगा, नाही सांगितलंत तरी चालेल.

कुटुंबाला सेशनमध्ये घ्यायचं का? आपल्याकडे ही जुनी गोष्ट आहे, १९५० च्या दशकात अमृतसरच्या मेंटल हॉस्पिटलात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना आवारात तंबू लावून पेशंटबरोबर राहायला बोलावलं, आणि पेशंट लवकर बरे होऊन घरी जायला लागले. म्हणजे घर हा फक्त त्रास नाही, आधारही आहे. पण पद्धत ठरवून घ्या. आधी पेशंट एकटा, मग शेवटची पंधरा मिनिटं घरचे, आणि आत बोललेलं काय बाहेर सांगायचं नाही हे आधीच स्पष्ट. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, २९ मे २०१८ पासून लागू, त्यात गोपनीयता हा पेशंटचा हक्क आहे. नवऱ्याने फी भरली म्हणून बायको आत काय बोलली हे त्याला सांगायचं नसतं. आणि घरात मारहाण होत असेल तर मारणाऱ्याला त्याच खोलीत बसवून जोडप्याचं समुपदेशन करायला नकार द्या, बाई खरं बोलूच शकत नाही आणि घरी गेल्यावर त्याची शिक्षा तिलाच मिळते.

याच कायद्यात अजून दोन गोष्टी कामाच्या आहेत. विमा कंपनीला मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो (ओपीडी मात्र बऱ्याच पॉलिसींत नसते, वाचून घ्या). आणि आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस प्रचंड तणावाखाली होता असंच कायदा धरून चालतो, त्यामुळे पोलीस केसच्या भीतीने दवाखान्यात न्यायला उशीर करू नका.

देवऋषी, दर्गा, गंडादोरा याबद्दल. डॉक्टरपासून लपवू नका, आणि डॉक्टरने त्यावर तुमची टर उडवली तर डॉक्टर बदला. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' असा कार्यक्रम चालवला गेला, तिथे मुजावर म्हणजे दर्ग्याचे सेवकच लोकांना शेजारच्या मानसोपचार ओपीडीत पाठवायचे. हे मला पटतं. आईचा गुरुवारचा उपास आणि तिच्या गोळ्या यांचं कधी भांडण झालं नाही, गोळी जेवणानंतरची होती म्हणून बाईंनी एवढंच सांगितलं की उपासाला साबुदाणा खाल्ला तरी ते जेवणच धरा. पण जिथे मारतात, कोंडतात, साखळीने बांधतात तिथे क्षणभर थांबू नका. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २५ हून जास्त पेशंट पळू न शकल्याने जळून मेले. साखळीने बांधणं २०१७ च्या कायद्याने बंद आहे, आणि भूत उतरवतो म्हणून मारणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

एक गोष्ट जरा जोर देऊन सांगते. तज्ज्ञ मराठी आहे, आपल्यातला आहे म्हणजे तो समजून घेईलच असं अजिबात नाही. उलट आपल्यातलाच माणूस कधीकधी काका होऊन बसतो. "लग्न करून टाका, सगळं सुरळीत होईल", "बाईने थोडं सोसावं लागतंच", "एवढं शिकून काय रडता". संस्कृती समजणं म्हणजे ॲडजस्ट करायला सांगणं नाही. आडनाव विचारून मग आवाज बदलला, जातीवरून शाळेत नाहीतर ऑफिसमध्ये झालेला अपमान सांगितला आणि उत्तर आलं "तुम्ही जास्तच मनाला लावून घेता", तर उठा तिथून. जखम खरी आहे, ती मान्य न करता उपचार होत नाही. मुलगा गे आहे म्हणून त्याला "बरा करतो" असं कोणी म्हणालं तर ते उपचार नाहीतच, भारतीय सायकियाट्रिक सोसायटीने २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीर सांगितलंय आणि नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये असे उपचार हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. मग कधीकधी परका, पण नीट विचारणारा आणि ऐकणारा माणूस जास्त बरा. "तुमच्या घरात हे कसं असतं मला माहीत नाही, सांगाल का" असं म्हणणारा भेटला तर त्याला सोडू नका.

औषधांचं पटकन. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, चार दिवसांत काही झालं नाही म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने एकदम बंदही करू नका. सवय लागते म्हणतात ती मुख्यतः काही झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांची, त्या किती दिवस घ्यायच्या हे डॉक्टरांना तोंडावर विचारा.

आणि कोणी "माझं ओझं उतरेल", "आता जगून काय करू" असं बोलत असेल तर सरळ विचारा, मरायचे विचार येतात का. विचारल्याने डोक्यात विचार घुसत नाही, उलट माणूस मोकळा होतो. एकटं सोडू नका, शेतीची औषधं आणि गोळ्या कुलपात ठेवा किंवा दुसऱ्याच्या घरी नेऊन द्या, १४४१६ ला फोन करा, जीवाला लगेच धोका असेल तर ११२ किंवा जवळचं हॉस्पिटल.

परदेशात असाल तर दुभाषा मागा, आणि तो घरचा नको. दहा वर्षांच्या लेकीने आईचं दुःख डॉक्टरला इंग्रजीत सांगायचं ही दोघींवरही फार मोठी शिक्षा आहे. इंग्लंडमध्ये सरकारी टॉकिंग थेरपीला स्वतःच नाव नोंदवता येतं आणि दुभाषा फुकट मिळतो.

कोणाकडे किती वेळ द्यायचा? मी म्हणेन तीन-चार सेशन. तेवढ्यात पूर्ण बरं वाटणार नाही, पण आपलं ऐकलं जातंय हे कळतं. नसेल पटत तर तिथेच सांगा की मॅडम, तुम्ही सांगता ते माझ्या घरात जमत नाही, जमेल असं काही शोधूया का. चांगला तज्ज्ञ यावर खूश होतो. आईच्या बाईंनी तिला नाही म्हणायला शिकवलं नाही, त्यांनी एवढंच ठरवून दिलं की आठवड्यातून दोन रात्री काकू सगळ्यांबरोबर पाटावर बसतील आणि पोळ्या त्या दिवशी आधी करून ठेवतील, आणि हे बाबांना आईने नाही तर त्यांनी स्वतः सेशनमध्ये बोलावून सांगितलं. बाबा आधी गार पोळीवरून कुरकुरले. मग एका रविवारी त्यांनीच तिचं ताट वाढून घेतलं. पुढे दोनाच्या चार रात्री झाल्या आणि बंद पडलेलं भजनी मंडळही तिने पुन्हा धरलं.

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर ती सिलिंडर लावल्याची तारीख लिहून ठेवते, दुधाचे खाडे लिहिते. मागच्या महिन्यात त्यात तिच्या अक्षरात एक नवीन नोंद दिसली, मंगळवारच्या चौकोनात. "मॅडम, ११ वाजता." गुडघ्याचा उल्लेख नव्हता.